दुधीची नाडी

2021 च्या एप्रिल महिन्यात पुण्यातल्या औषधांच्या दुकानांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर मिळेनासा झाला होता. त्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, खोकला सुरू झाला आणि अंगात कणकण आली. डॉक्टर फोनवरूनच विचारपूस करत होते. ऑक्सिजन 94 च्या खाली उतरला तर वेळ न घालवता कळवा, एवढे त्यांनी बजावून सांगितले. तो उतरला हे कळणार कसे, या विवंचनेत मी रात्री मोबाइलवर शोधत बसलो आणि नाडी, रक्तदाब व ऑक्सिजन असे तिन्ही दाखवणारा एक मनगटी पट्टा 1,299 रुपयांना मागवला. कंपनीचे नाव मी त्याआधी कधी ऐकले नव्हते, आणि त्यानंतरही ते कुठे दिसले नाही.

पट्ट्याने आम्हाला दोन दिवस निर्धास्त ठेवले. सकाळी 98, दुपारी 97, रात्री पुन्हा 98. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरचा ऑक्सिमीटर दारातूनच पिशवीत घालून दिला आणि अण्णांच्या बोटावर तो 90 वर जाऊन थांबला. पुढची धावपळ त्या दिवसांत घरोघरी झाली तशीच होती. खाट मिळाली, अकरा दिवसांनी अण्णा चालत घरी आले, आणि पट्टा टीव्हीखालच्या खणात गेला.

तो पुन्हा बाहेर निघाला पावसाळ्यात. पत्नी विळीपुढे दुधी घेऊन बसली होती आणि माझ्याकडून खण आवरून घेत होती. पट्टा हातात आला तेव्हा तिने सहज म्हटले, "बांधा बघू याला." कोवळा दुधी मनगटाएवढाच असतो; तिसऱ्या भोकात बक्कल बसले. पाठीवरचे दिवे लुकलुकले, पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि मग आकडे आले: नाडी 76, ऑक्सिजन 97. दुधीची तब्येत उत्तम होती. आम्ही दोघेही हसलो. पण ते दोन दिवस आठवले आणि हसू थोडे लवकर आवरले.

मनगटी पट्ट्यात नेमके काय चालते, हे मी त्यानंतर शोधून वाचले. पट्ट्याच्या पाठीवर हिरवे दिवे असतात आणि त्यांच्या शेजारी प्रकाश टिपणारा एक संवेदक असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटात रक्त भरले की परत येणारा प्रकाश किंचित घटतो आणि ओसरले की वाढतो. ही चढउतार मोजली की नाडी मिळते. ऑक्सिजनचे गणित याहून अवघड आहे. प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषते, आणि या फरकावरून प्रमाण काढण्याची युक्ती जपानमधल्या ताकुओ आओयागी या अभियंत्याने 1970 च्या दशकात शोधली. बोटाच्या चिमट्यात प्रकाश आरपार जातो. मनगटावर तो हाडांवरून आणि कातडीतून परतून यावा लागतो, म्हणून तिथले काम मुळातच नाजूक. चिमट्याचे मोजमापही सर्वांसाठी सारखे नसते. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची उतरंड चिमट्याच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट आढळले होते. रुग्णालयातल्या यंत्राची ही गत, तर 1,299 रुपयांच्या पट्ट्यावर मी काय विसंबलो होतो, हे तेव्हा उमगले.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. संवेदक खरा असला तरी तो निर्जीव वस्तूवर कधीकधी आकडा दाखवतो, कारण परतणाऱ्या प्रकाशात काहीतरी लय शोधणे हेच त्याचे काम असते आणि लय नसली तरी गोंगाटात ती सापडल्यासारखी वाटते. प्रश्न उरतो तो यंत्राच्या स्वभावाचा. ज्याला "मला कळत नाही" असे म्हणता येत नाही, त्याच्या "कळले" ला किती किंमत द्यायची?

हे सगळे विसरूनही गेलो असतो. पण 2024 मध्ये माझ्याच रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.1 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. डॉक्टरांनी औषध लिहिले नाही, रोज चालायला सांगितले, आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "चाललात हे तोंडी सांगू नका, लिहून आणा." तेव्हा तीन हजार रुपयांच्या आत एक बरा पट्टा घ्यावा, असे ठरले.

भाच्याने उत्साहाने एक तक्ता करून पाठवला. चौदा मॉडेले, बावीस रकाने. कॉलिंग, संगीत, पडद्याची मापे, आणि एका पट्ट्यात तर शंभराहून अधिक खेळांची नोंद. त्या यादीत बर्फावरून घसरण्याचा खेळ होता. पर्वतीवर बर्फ पडेपर्यंत त्याचा मला उपयोग नव्हता. स्वस्त वस्तू विकणाऱ्याला रकाने वाढवणे परवडते, कारण एकेका रकान्याला बहुतेक वेळा फक्त चार ओळींचा प्रोग्रॅम पुरतो, नवा संवेदक लागत नाही. 2015 साली शाओमीचा पहिला मी बँड भारतात 999 रुपयांना आला तेव्हा त्याला पडदासुद्धा नव्हता. तीन बारीक दिवे होते आणि दिवसाचे चालणे किती झाले एवढे ते सांगत. त्या पट्ट्याने लोकांना चालायला लावले असेल, तर ते दिव्यांमुळे नव्हे. तो हलका होता आणि आठवडेच्या आठवडे चार्जिंग मागत नव्हता, म्हणून मनगटावरून उतरत नव्हता. भाच्याच्या तक्त्यात हा रकाना नव्हता: हा पट्टा मी रात्री झोपताना काढून ठेवीन का?

म्हणून मी तक्ता बाजूला ठेवला, शनिवारी सकाळी मंडईत गेलो, बारा-पंधरा बोटे लांबीचा एक कोवळा दुधी निवडून घेतला आणि पिशवीसह तपकीर गल्लीत शिरलो. तिथे विजेच्या सामानापासून मोबाइलच्या काचेपर्यंत सगळे मिळते, आणि पुण्यातल्या दुकानदाराला आश्चर्य वाटले तरी तो ते चेहऱ्यावर दाखवत नाही. मी तीन पट्टे काढायला सांगितले. मग पिशवीतून दुधी काढून काउंटरवर ठेवला.

"काका, भाजी राहू दे पिशवीत," तो म्हणाला.

"याला बांधून बघायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिले, दुधीकडे पाहिले, आणि काही न विचारता प्रदर्शनातला पहिला पट्टा बांधला. पाच सेकंदांत 68. दुसऱ्याने बराच वेळ घेऊन 112 सांगितले. दुधीला ताप असावा. तिसऱ्याचे हिरवे दिवे दोनदा विझून पेटले आणि पडद्यावर दोन आडव्या रेघा आल्या, खाली मनगटाचे चित्र: पट्टा नीट बांधा. ते चित्र पाहून मला जो आनंद झाला तो दुकानदाराला समजावणे कठीण होते. तोवर त्याचा पोऱ्याही जवळ येऊन उभा राहिला होता आणि त्याला आता काकडीवर करून पाहायचे होते.

एका दुधीवर निकाल लावणे शास्त्रीय नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण तिसरा पट्टा पुढच्या चाचण्यांनाही उतरला. दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहिला. वेळ आणि पावले हात कपाळाशी न नेता वाचता आली. पत्नीला फोन करून मराठीत एक संदेश पाठवायला सांगितले. तिने "स्वयंपाक झाला, उशीर नको" असे लिहिले, आणि दुसऱ्या पट्ट्यावर त्यातला "स्वयंपाक" पाय मोडलेल्या "स" पासून सुरू होऊन पुढे चौकोनांची रांग झाला. तिसऱ्यावर जोडाक्षरे जागेवर होती. किरकोळ वाटणारी ही बाब आहे. पण दिवसातून वीस वेळा चौकोन पाहणारा माणूस महिन्याभरात पट्टा खणात टाकतो. शेवटी विचारले, की पट्टीचा रबर तुटला तर नवी पट्टी मिळते का, आणि चार्जर हरवला तर. या पट्ट्यांचा चार्जर मोबाइलचा नसतो. प्रत्येक कंपनीचा चुंबकाचा वेगळा चिमटा असतो, आणि तो हरवला की हजारोंचे यंत्र पाचव्या-सहाव्या दिवशी निव्वळ रबर होते. दुकानदाराने मागच्या फळीवरची चार्जरांची माळ दाखवली. व्यवहार 2,499 रुपयांना झाला. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे कुणी वाचेपर्यंत ते बंद होऊन त्याचे धाकटे भावंड बाजारात आले असेल.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. पावले मोजणारा संवेदक तीन दिशांतला धक्का टिपतो आणि त्यातून चालण्याची लय ओळखतो. पण तो बसलेला असतो मनगटावर, पायात नव्हे. मी आईची 108 मण्यांची जपमाळ खिशात घातली आणि दर पावलाला एक मणी ओढत सोसायटीच्या आवारात दहा माळा चाललो. 1,080 पावलांना पट्टा 1,103 म्हणाला, हे मला अगदी मान्य होते. मग त्याच हातात भाजीची जड पिशवी धरून तेवढेच चाललो, तर तो 691 वर थांबला, कारण पिशवीने हात डोलू दिला नव्हता. उलट, स्वारगेटहून कात्रजपर्यंत स्कूटरवर बसून गेलो त्या दिवशी रस्त्यातल्या खड्ड्यांनी मला दोनशेहून अधिक पावले बहाल केली.

सर्वांत मोठा गैरसमज स्वयंपाकघरात झाला. पत्नीने एका सकाळी पट्टा स्वतःच्या हाती बांधला आणि कणीक मळून बावीस पोळ्या लाटल्या. ओट्यापासून ती हलली नव्हती.

"अहो, सातशे झाली. मी लाटता लाटता पर्वती चढून आले."

मी म्हटले, ती खरी नाहीत. त्यावर तिने विचारले, की मग बावीस पोळ्यांच्या श्रमांची नोंद तुमच्या यंत्रात कुठे होते? याला उत्तर नव्हते, अजून नाही. तिने पट्टा परत केला त्यामागे आणखी एक कारण होते, जे एकाही जाहिरातीत मला आढळले नाही: बांगड्या. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असा बसायला हवा. नेमक्या त्याच जागी बांगड्या येतात, पट्ट्यावर आपटतात, त्याला कोपराकडे सरकवतात, आणि हिरवा प्रकाश फटीतून बाहेर सांडतो. ज्यांनी हे यंत्र आखले त्यांच्या नजरेसमोर कुणाचा हात होता, ते यातून कळते.

पर्वतीचा विषय निघालाच आहे तर नाडीचेही सांगतो. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत आणि त्या रुंद असल्यामुळे एकेकीवर दोन-दोन पावले पडतात. वर पोहोचल्याबरोबर मी दुसऱ्या हाताची दोन बोटे नाडीवर ठेवून पंधरा सेकंद मोजले आणि चाराने गुणले: 132. पट्ट्यावर तेव्हा 108 होते. मी कठड्यावर बसलो, श्वास उतरू लागला, आणि पट्टा मात्र आरामात चढत 126 वर आला. निवांत बसलेले असताना तो जवळजवळ अचूक असतो. धापेच्या क्षणी मागे राहतो, आणि पट्टा सैल असला तर आणखी मागे. हे कळल्यावर त्याच्यावर रागवण्याचे कारण उरले नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीची नाडी मी रोज पाहतो. चार महिन्यांत ती 78 वरून 71 वर आली, आणि हे दोन्ही आकडे एकाच पट्ट्याने एकाच हातावर मोजलेले असल्याने त्यांच्यातला फरक मी मानतो, आकडे स्वतः दोन-तीनने चुकीचे असले तरी.

पट्ट्याने पहिल्याच दिवशी माझ्यापुढे 10,000 पावलांचे लक्ष्य ठेवले होते. हा आकडा कुठल्या वैद्यकीय ग्रंथातला असेल असे मला वाटे. तो निघाला एका जपानी यंत्राच्या नावातून. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे चालण्याची हवा आली आणि 1965 मध्ये कमरेला लावायचे एक पाऊलमापक बाजारात आले. त्याचे नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. नाव गोड होते, आकडा गोल होता, तो जगभर पसरला. 2019 मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे 4,400 चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी आढळला आणि 7,500 च्या आसपास तो फायदा सपाट झाला. आमच्या आजोबांचा आकडा शंभर होता, तोही जेवणानंतर, आणि शतपावली म्हटले तरी मोजत कुणीच नव्हते. मी लक्ष्य 7,000 केले. पहिल्या पंधरवड्यात 10,000 न झाल्याची कुरकुर करणारी ती लाल रेघ त्या दिवसापासून हिरवी झाली आणि मी चालायला जाणे टाळेनासा झालो. डॉक्टरांनी महिन्याचा आलेख पाहून "हं" म्हटले. त्यांच्याकडून ती शाबासकीच समजायची.

जळालेल्या उष्मांकांचा आकडा मी पडद्यावरून काढूनच टाकला. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 मध्ये सात मनगटी यंत्रे साठ जणांवर तपासली, तेव्हा सातपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या फरकात होती. पण उष्मांकांत सर्वांत चांगले यंत्रसुद्धा सरासरी 27 टक्क्यांनी चुकले होते आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. या हिशोबावर विसंबून संध्याकाळचा वडापाव कमावला असे ठरवणे धोक्याचे आहे. मी ते आठवडाभर केले आहे. झोपेची नोंद त्यामानाने करमणुकीची. ती हालचाल आणि नाडीवरून बांधलेला अंदाज असते, त्यामुळे सोसायटीच्या वार्षिक सभेतली माझी चाळीस मिनिटे पट्ट्याने "हलकी झोप" म्हणून नोंदवली, आणि खजिनदारांच्या निवेदनाचा काळ पाहता ती नोंद मला खोडता आली नाही.

एका मोहाबद्दल मात्र गंभीरपणे लिहायला हवे, कारण माझ्यासारखा साखरेच्या उंबरठ्यावरचा माणूस त्यात अलगद सापडतो. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो, असा दावा करणारी घड्याळे दोन-तीन हजारांत विकली जातात. माझ्याही बोटाने "खरेदी करा" पर्यंत मजल मारली होती. मग दुधी आठवला. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना स्पष्ट बजावले होते, की कातडी न भेदता साखर मोजण्याचा दावा करणारे कोणतेही घड्याळ वा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही आणि ती वापरू नयेत. साखरेचा चुकीचा आकडा पाहून इन्सुलिनचा डोस ठरवणाऱ्याचे काय होईल, हे मी सांगायला नको. आमच्या घरी एक खोटा 98 पुरेसा झाला होता.

माहितीबद्दल थोडक्यात. ॲपने संपर्कयादी, छायाचित्रे आणि ठावठिकाणा असे सगळे मागितले. मी संदेशांची सूचना दाखवण्यापुरती परवानगी दिली आणि बाकीचे नाकारले, तरी पावले मोजली गेली. 2018 च्या जानेवारीत स्ट्राव्हा या धावण्या-चालण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर जगभरच्या सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या होत्या आणि त्यातून लष्करी तळांचे आराखडे उघडे पडले. माझ्या सकाळच्या फेरीत कुणाला रस असण्याचे कारण नाही, पण घर कुठे आहे आणि ते सकाळी सहा ते सात रिकामे असते, एवढेही मी फुकट का सांगावे?

पट्टा अंगवळणी पडून आता चौदा महिने झाले. आठवड्यातून एकदा, रविवारी चहाच्या वेळी, तो चार्जरवर जातो. पहिल्या पावसाळ्यात रबराखाली घाम साचून लाल चट्टा उठला होता. तेव्हापासून अंघोळीनंतर मनगट आणि पट्ट्याची पाठ दोन्ही पुसून दहा मिनिटे मोकळे ठेवतो, आणि चट्टा पुन्हा आलेला नाही. गेल्या महिन्यात पट्टीचे बक्कलाजवळचे भोक फाटले. तपकीर गल्लीत गेलो तर त्याच दुकानदाराने ओळखले.

"दुधीवाले काका ना? नवीन मॉडेल आलंय. कॉलिंग आहे, पडदाही मोठा आहे."

मी म्हटले, पट्टी दाखवा. 150 रुपयांची होती. काळा रंग संपला होता, करडा आणि मोरपिशी उरला होता. दोन्ही घेतल्या.